खडकटाकळीच्या हापशाचा मजकूर

खडकटाकळीच्या हापशाला पाणी लागलं, ही या प्रकरणातली पहिली अडचण होय. लागलं नसतं, तर खात्यानं 'कोरडे' असा शेरा मारून बोअरचं यंत्र पुढच्या गावी नेलं असतं आणि प्रकरण रीतसर मिटलं असतं. परंतु बहात्तर सालच्या कार्तिकात, अख्ख्या पाथर्डी तालुक्यात पाण्याचा थेंब दिसत नसताना, आमच्या मारुतीच्या पारामागं एकशे साठ फुटांवर गोडं पाणी लागलं. खात्याची माणसं खट्टू झाली. पण करतात काय? त्यांनी हापसा बसवला, त्याच्या दांड्याला तांबडं फडकं गुंडाळलं, वरून सुतळीनं करकचून बांधलं, गाठीवर लाखेची मोहोर मारली आणि ती जीपमध्ये जाऊन बसली.

"अवो, आन पानी?" सरपंच सहादेवअण्णांनी जीपमागं धावत विचारलं.

"फलक लागल्यावर!" धुरळ्यातून उत्तर आलं.

नियम असा होता, की वापर कसा करावा हे सांगणारा फलक असल्याखेरीज कोणतंही उपसायंत्र जनतेच्या हाती देऊ नये. हापशाला सरकारी कागदात उपसायंत्र म्हणतात. तसं म्हटल्यावर तो आपोआपच अवघड वाटू लागतो.

आता माझ्याबद्दल दोन ओळी सांगते. एक तर त्याशिवाय प्रकरण कळायचं नाही, आणि दुसरं म्हणजे सांगायला मला आवडतं. नाव मनकर्णा भीमा पालवे, इयत्ता अकरावी, म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. तालुक्याच्या निबंधस्पर्धेत माझा पहिला नंबर आला. विषय होता 'पाणी हेच जीवन'. बक्षीस घ्यायला जाता आलं नाही, कारण पाण्याला गेले होते.

वडील ऊसतोडीला कोल्हारकडं, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला, आणि पाणी माझ्याकडं. विहीर दोन कोसांवर. त्यामुळं माझा पहिला तास रोज बुडायचा. हेडसरांनी एक दिवस हजेरीपट उघडून माझ्यासमोर धरला.

"मनकर्णा, अजून पंधरा दिवसांची हजेरी कमी आहे. जानेवारी संपायच्या आत भरली नाही, तर मॅट्रिकचा फॉर्म पुढं जाणार नाही."

"सर, पाणी आणायला जावं लागतं."

"पाणी हे कारण नियमात बसत नाही. गोवर बसतो. मुंज बसते. तुझं यातलं काही आहे का?"

नव्हतं. म्हणजे हापसा उघडला तर मॅट्रिक, नाहीतर पुढच्या वर्षी डोक्यावर हंडा आणि हातात हातोडी. इतका साधा हिशेब होता.

म्हणून आमचे ग्रामसेवक, शामकांत भाऊसाहेब, जेव्हा म्हणाले, "फलकाचा मजकूर स्थानिक व्यक्तीकडून मागवलाय, निबंधवाली पोरगी कुठं आहे?" तेव्हा मी तिथंच उभ्या उभ्या, त्यांच्याच पेनानं, लिहून दिलं :

दांडा खाली-वर करा. पाणी येईल.

शेजारच्या लंकाबाईंनी खांद्यावरून डोकावून तो माझ्याकडून वाचून घेतला. "येवढंच? ह्ये तर मला बी म्हाईत हाय की गं."

"म्हणूनच चांगलंय मावशी."

"मंग कागुद कशाला धाडायचा? डायरेक दांडाच धरू."

अशा विचारसरणीमुळंच देश मागं राहतो, असं भाऊसाहेब म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

बारा दिवसांनी कागद परत आला. पाच शब्दांवर तेवीस शेरे होते. कागदासोबत नगरहून खुद्द चौकरसाहेबही आले. त्यांच्या हुद्द्याचं नाव मजकूर अधिकारी. जिल्ह्यात खात्याच्या नावानं जे काही रंगवलं जाईल, छापलं जाईल किंवा चिकटवलं जाईल, ते खात्याच्या तोंडी शोभतं की नाही हे बघणं, हे त्यांचं काम. माणूस मोठा गोड. पाराच्या कट्ट्यावर सतरंजी टाकून बसले आणि त्यांनी मला समोर बसवलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"छान आहे. फार स्पष्ट आहे." त्यांनी सुस्कारा सोडला. "तीच पंचाईत आहे. आता बघ. 'पाणी येईल.' ही हमी झाली. उद्या नाही आलं, तर लोक फलकाकडं बोट दाखवतील. म्हणतील, तुम्हीच म्हणालात."

"मग काय लिहू?"

"'पाणी येण्याची शक्यता नाकारता येत नाही.' आता 'करा'. हा झाला हुकूम. लोकशाहीत जनता मालक आहे. मालकाला कुणी हुकूम सोडतं?"

"पण साहेब, दांडा तर मालकालाच हलवायचाय."

"म्हणून 'हलविण्याचा विचार व्हावा' असं म्हणायचं. विचार त्यांचा, दांडा त्यांचा. खातं मोकळं."

मग त्यांनी पिशवीतून एक पिवळी पुस्तिका काढली. तिचं नाव 'खात्याचा आवाज'. तिच्यात लिहिलं होतं, की खात्याचा आवाज वडीलधारा असावा, परंतु वडिलांसारखा रागीट नसावा. आपुलकीचा असावा, परंतु ओळख दाखविणारा नसावा. आणि प्रत्येक वाक्यात खाते कुठे ना कुठे बसलेले असावे.

खोटं कशाला सांगू, मला ते सगळं आवडलं. माझ्या वाक्यावर आजवर कुणी तीन तास बोललं नव्हतं. शाळेत लाल शाईची एक बरोबरची खूण आणि घरी 'लिवणं बास, दळण आन'. इथं नगरचा एक साहेब माझ्या 'करा'कडं असा बघत होता, जसा सोनार नथीकडं बघतो. त्या आठवड्यात मी मजकुराचे चार मसुदे केले. पाण्याला जाताना मसुदा, येताना मसुदा. आवाज अंगात इतका भिनला, की आई चुलीपुढून ओरडली, "मने, भाकर करपतीया, उतरीव!" तर मी म्हणाले, "उतरविण्याचा विचार चालू आहे." पाठीत फुंकणीचा रट्टा बसला. आईला खात्याचा आवाज मानवत नाही.

मजकूर वाढत चालला. साहेबांचं म्हणणं, माणूस हापशापाशी येतो तेव्हा त्याचं स्वागत नको का? झालं, कलम एक स्वागताचं. तो चुकून आलेला असू शकतो; म्हणून कलम दोन : 'आपणास खरोखरच पाणी हवे आहे, याची आपण खात्री करून घेतली आहे काय?'

हे कलम मी गावच्या बायांना वाचून दाखवलं.

लंकाबाई म्हणाल्या, "मंग काय, दोन घागरी घिऊन हापशाला मुंडावळ्या बांधाया आलोय व्हय?"

कलम तीनमध्ये दांडा म्हणजे काय, चारमध्ये खाली म्हणजे कोणती दिशा, पाचमध्ये वर. सहावं कलम पाणी न आल्यास काय वाटून घ्यावे याबद्दल होतं : 'आपण कमी पडलात, याचे खात्यास वाईट वाटते.' या वाक्यावर साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी आलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते कौतुकानं बघितलं.

दहा कलमं झाली. मग आली सुबोधता चाचणी. गावातल्या सर्वसामान्य माणसाला मजकूर कळतो की नाही हे तपासायचं. लंकाबाईंना हापशासमोर उभं केलं आणि मी दहाच्या दहा कलमं मोठ्यानं वाचली.

"बोला बाई," साहेब म्हणाले, "आता तुम्ही काय कराल?"

"काय करायचंय? ह्यो दांडा हाय. खाली-वर करायचा. पानी येतंया. सोडा त्ये फडकं, लई उशीर झालाय."

साहेबांनी भाऊसाहेबांना टिपून घ्यायला सांगितलं : 'बाईंना उत्तर आधीपासूनच ठाऊक होते. मजकुराचा उपयोग झाला नाही. चाचणी रद्द.'

दुसरी चाचणी माझ्या आईची, राहीबाईची. तीही नापास; तिनं तर वाचन संपायची वाटसुद्धा बघितली नाही. सहादेवअण्णा नापास. त्यांचा चार वर्षांचा नातू दांड्याला लोंबकळला, तोही नापास. ज्याला हापसा कळत नाही असा माणूस गावात मिळेना. साहेब हवालदिल झाले. "इतक्या अडाणी गावात सगळ्यांनाच कसं काय कळतं?" असं ते दोनदा म्हणाले.

अखेर भाऊसाहेबांनाच उभं केलं. दहा कलमं वाचून झाली.

"बोला शामकांत, काय कराल?"

भाऊसाहेबांनी थोडा विचार केला. "मी वरिष्ठांकडे अर्ज करीन, साहेब."

"बरोबर!" साहेब उभेच राहिले. "अगदी बरोबर समजलं! मजकूर उत्तीर्ण!"

आता फलक. पुस्तिकेप्रमाणं अक्षर तीन इंच उंच हवं, म्हणजे वृद्धांची गैरसोय होत नाही. तीन इंची अक्षरात दहा कलमं बसवायची तर पत्रा चौदा फूट बाय नऊ फूट आला. एवढा पत्रा वाऱ्यात उभा राहायचा तर लोखंडी खांब आले. खांबांना सिमेंटचा कट्टा आला. आणि सिमेंटला लागतं पाणी.

मार्गशीर्षात एका सकाळी गावात टँकर शिरला. मी दप्तर टाकलं आणि हंडा उचलला. सगळं गाव घागरी, कळश्या, डबे, पातेली घेऊन पळत सुटलं. सगळ्यांत पुढं लंकाबाई.

"मागं सरा!" टँकरवरचा माणूस म्हणाला. "ह्ये पाणी फलकाचं हाय."

"म्हंजी?"

"कट्ट्याला मारायचंय. एकवीस दिवस, दिवसातून तीनदा. न्हाईतर तडा जातो."

आणि खरंच, कट्ट्यावर पोती अंथरून त्यांवर पाणी मारायला सुरुवात झाली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ज्या हापशाखाली पाणी होतं त्याच्या शेजारी, ज्या कट्ट्याला पाणी लागतं त्याला, बाहेरगावचं पाणी. आई खडीच्या कामावरून येताना तिथं थांबली. पोत्यांवरून निथळणारं पाणी मातीत मुरताना बघत राहिली.

"मने," ती म्हणाली, "खांबाला तीन वकताला पानी. आपल्या घरी दोन दिसाला दोन हंडं. फुडल्या जल्मी बाई मी खांबच हुनार."

मला हसू आलं नाही. तिच्या तळहातांवर खडीचे फोड होते आणि ते धुवायला पाणी नव्हतं. माझे चार मसुदे मला तिथंच, त्या पोत्यांसारखे ओले आणि जड वाटले.

मी तडक चौकरसाहेबांपुढं गेले. "साहेब, एकवीस दिवसांनी फलक लागला, की त्याच दिवशी हापसा उघडणार ना?"

"अगं, फलक वेगळा, मोहोर वेगळी," साहेब प्रेमानं म्हणाले. "फलक लागल्याचा अहवाल जाईल. तो पोचल्याची पोच येईल. मग मोहोर काढण्याचा स्वतंत्र प्रस्ताव. मार्चअखेर होऊन जाईल सगळं. घाई कसली?"

मार्चमध्ये तर परीक्षा. फॉर्म जानेवारीत. साहेब आणि भाऊसाहेब जेवायला सरपंचांकडं गेले, तेव्हा मी समोर पडलेली फाईल उघडून पहिल्या पानापासून वाचत सुटले. साठ पानं होती. तेवीस शेरे, सगळेच्या सगळे, माझ्या पहिल्या पाच शब्दांवर. नंतरच्या दहा कलमांवर? एकही नाही. तालुक्याची सही, नगरची सही, पुन्हा सही, शिक्का. 'खाली म्हणजे जमिनीच्या अनुरोधाने' या भयंकर वाक्यालासुद्धा कुणी बोट लावलं नव्हतं. मी दोनदा उलटसुलट तपासलं. जे कळलं, त्याच्यावर शंका आली होती. जे कळलं नाही, त्याच्यावर सही.

साहेब पान खात परत आले. "मनकर्णा, अंतिम प्रत तुझ्याच अक्षरात करून दे. आणि दहा हा आकडा बरा दिसत नाही. आहेरसुद्धा आपण दहाचा करत नाही, वर एक ठेवतो. एक कलम वाढव, अकरा कर."

"कशाबद्दल लिहू?"

"कशाबद्दलही. आवाज तेवढा खात्याचा हवा."

मी लिहिलं :

'कलम अकरा : उपरोक्त कलमांच्या अनुषंगाने व त्यांस कोणत्याही प्रकारे बाध न येता असे नमूद करण्यात येते की, सदर फलक उभा राहताक्षणी त्याचे प्रयोजन सफल झाले असे मानण्यात येऊन, उपसायंत्राच्या दांड्यावरील मोहोर तसेच सदर फलक, पुढील कोणत्याही आदेशाची प्रतीक्षा न करता, ग्रामस्थांनी स्वहस्ते दूर करण्यास व दूर केलेल्या सामग्रीचा यथायोग्य विनियोग करण्यास या खात्याची हरकत असणार नाही.'

कागद चार दिवसांत परत आला. खात्याच्या इतिहासात इतका वेगवान कागद झाला नाही म्हणतात. त्यावर चार सह्या होत्या आणि वरच्या कोपऱ्यात शेरा : 'मजकूर अत्यंत स्पष्ट. खात्याच्या आवाजाचा आदर्श नमुना.'

एकवीस दिवस भरले. पेंटरनं अकराही कलमं रंगवली. जानेवारीच्या दहा तारखेला फलक उभा राहिला आणि जीप निघून गेली. मी दगडावर चढले आणि बायांना अकरावं कलम वाचून दाखवलं. बाया जांभया द्यायला लागल्या, तेव्हा तेच साध्या मराठीत सांगितलं : "फलक लागला, काम झालं. आता मोहोर आपण तोडायची, फलक आपण काढायचा, पत्र्याचं काय हवं ते करायचं. खात्याची ना नाही."

लंकाबाईंनी डोळे बारीक केले. "आसं लिवलंय?"

"असंच लिहिलंय. सहीशिक्क्यानं."

"आन तू दगडावर हुबी ऱ्हाऊन भाषान करतीयास व्हय? सर बाजूला!"

त्यांनी कमरेचा इळा काढला आणि सुतळी कापली. दांडा धरला. पहिले वीस-पंचवीस हिसके नुसतीच हवा. हापसा म्हाताऱ्यासारखा खोकला. मग आत कुठं तरी गुळगुळ झालं आणि तोंडातून पांढरीशुभ्र धार उसळली. कुणी घागर लावायचीच विसरली. आईनं दोन्ही तळहात धारेखाली धरले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

संध्याकाळपर्यंत फलक उतरला. खांब तेच, पत्रा तोच, फक्त आडवा टाकला : पाण्याला उभं राहणाऱ्यांच्या डोक्यावर सावली झाली. मजकुराची बाजू वर केली. कावळ्यांना वाचता आला पाहिजे.

चौथ्या दिवशी जीप आली. चौकरसाहेब उतरले आणि जागच्या जागी थिजले.

"मोहोर कुणी तोडली? फलक कुठंय? सरकारी मालमत्ता आहे ही! एकेकाला..."

"कलम अकरा, साहेब," मी म्हणाले आणि प्रत पुढं केली.

साहेबांनी ते वाचलं. पहिल्यांदाच वाचत होते. ओठ हलत होते. एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे... हे तू लिहिलंस?"

"आवाज खात्याचा आहे, साहेब."

"आणि मी सही केली?"

"चार सह्या आहेत. तुमची तिसरी."

साहेबांपुढं दोनच वाटा होत्या. आपण न वाचता सही केली असं सांगायचं, किंवा हे सगळं आपल्याच मनात होतं असं सांगायचं. लंकाबाईंनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. साहेबांनी तो एका दमात संपवला, पत्र्याच्या सावलीत बसले आणि अहवाल सांगायला लागले. भाऊसाहेबांनी उतरवून घेतला : 'खडकटाकळी येथील फलक इतका सुबोध ठरला की, लागल्या दिवशीच त्याची गरज संपुष्टात आली. हाच मजकूर जिल्ह्यातील मोहोरबंद उपसायंत्रे असलेल्या उर्वरित चौसष्ट गावी, एका अक्षराचाही फरक न करता, लावण्यात यावा.'

हापसा उघडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच मी पहिल्या तासाला वर्गात होते. हजेरी भरली, फॉर्म गेला. हेडसरांनी मला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "काय मनकर्णा, बरा झाला का गोवर?" मी "हो सर" म्हणाले.

चौसष्ट गावी फलक लागले. चौदा बाय नऊ, तीन इंची अक्षरं, अकरा कलमं. हे लिहितेय तेव्हा चैत्र सरत आलाय, आणि त्या चौसष्ट गावांत एकाही हापशाची मोहोर तुटलेली नाही. बाया रोज फलकासमोरून घागरी घेऊन दोन-दोन कोस जातात. सरपंच अर्ज लिहितात, 'कृपया मोहोर काढण्यास परवानगी मिळावी.' अर्ज लिहायला ते फलकाच्याच सावलीत बसतात. मास्तर, तलाठी, पुढारी, वर्तमानपत्राचे बातमीदार, सगळे शिकले-सवरलेले लोक फलकासमोर उभे राहतात, मान हलवतात आणि म्हणतात, "व्वा, काय सविस्तर मजकूर आहे!" मी एकेका गावाला पत्र लिहायला घेतलंय. पाच शब्दांचंच लिहिते.

तुम्ही हसलात ना त्यांना? हसा. पण देवाशपथ सांगा, कलम अकरा मी वर अख्खं लिहून दिलं होतं, ते तुम्ही वाचलंत? की 'उपरोक्त' आणि 'अनुषंगाने' दिसताच टुणकन उडी मारून खालच्या ओळीवर आलात आणि मी साध्या भाषेत सांगेपर्यंत थांबलात? लाजू नका. मागच्या महिन्यात 'वाचले, समजले, मान्य आहे' असं म्हणून तुम्ही ज्या कागदावर सही केलीत, तो तेवढा आज शोधून काढा. त्यातही शेवटचं कलम कुणीतरी लिहिलेलंच असणार, आणि ते लिहिताना त्याला तुमची तहान दिसत होती की फक्त तुमची सही, हे मला काही माहीत नाही.